न मावलेल्या नावाची चूक

मी एक जुनी चूक आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, वास नाही. एका प्रोग्रॅमच्या पोटात दोन ओळींच्या मधे राहते. तिथे एक ओळ असायला हवी होती, ती नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेलाच मी म्हणतात. मित्रांनो, जे नाहीच त्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. पण पडलेल्या दाताची फट तुम्ही जिभेने चाचपून पाहता ना? तशी मी आहे. माझ्यामुळे एका घरातलं काहीतरी कायमचं गेलं, आणि तेच सांगायला मी बसले आहे.

माझा प्रोग्रॅम किर्गिझ लोकांच्या राजधानीत, बिश्केकमध्ये तयार झाला. शहराचं नाव नुकतंच बदललं होतं, तिथल्या एका सरकारी संस्थेत पगार होत नव्हते, आणि माणसं कोट न काढता टेबलाशी बसत. तिथे आंद्रेई गेन्रिखोविच नावाचा एक उंच, सदा पडशाने बेजार असलेला जर्मन काम करत असे. जर्मन म्हणजे चुई खोऱ्यातलाच, त्याचे आजे-पणजे तिथल्याच मातीत पुरलेले. त्याची अडचण अशी होती की कुठलीच फाइल फ्लॉपीवर मावत नसे. मग त्याने फाइली दाबून, घड्या घालून एकत्र बांधणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'तुयुन्चोक', म्हणजे गाठोडं. जेवणावळीहून निघताना पाहुण्याच्या हातात मटण-रोटीचं फडकं बांधून देतात, तसलं गाठोडं. मीही त्याला गाठोडंच म्हणते.

हे गाठोडं सोडताना आत काय चालतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संगणकाच्या मेमरीत प्रोग्रॅम ओळीने जागा मांडतो. चहाचे वाडगे मांडावेत तशाच. एका वाडग्यात तो फाइलचा पत्ता ओततो, म्हणजे कुठल्या फोल्डरच्या आतल्या कुठल्या फोल्डरमधली ती फाइल, ते सगळं लांबलचक नाव. शेजारच्या वाडग्यात लिहिलेलं असतं, हे झालं की पुढे काय करायचं. नाव मावलं तर सगळं ठीक. नाही मावलं तर ते शेजारी सांडतं, आणि 'पुढे काय करायचं' हेच पुसून जातं. मग प्रोग्रॅम जागच्या जागी थिजतो.

आंद्रेई गेन्रिखोविच सावध माणूस होता. ओतायच्या आधी तो अक्षरं मोजत असे आणि नाव फार लांब असलं तर घ्यायचंच नाही, अशी ओळ त्याने लिहून ठेवली होती. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सायकाल नावाच्या मुलीने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं होतं.

"नावाला एवढीच जागा?"

"एवढीच म्हणजे? अगं, यात तुझ्या सासरचे सगळे मावतील."

"नको बाई. मावले तर राहायलाच येतील."

दोघं हसली. त्या दिवशी मी नव्हते, मित्रांनो. त्या माणसाच्या कामात खोट नव्हती. दोन-तीन वर्षांनी तो आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन जर्मनीला निघून गेला, तसे त्या दिवसांत पुष्कळजण गेले. जाताना गाठोडं सायकालच्या हवाली करून गेला.

सायकाल हुशार होती आणि तिच्या डोक्यात एक राग होता. किर्गिझ भाषेत तीन अक्षरं अशी आहेत की ती रशियन लिपीत नाहीत. शेपूटवाला एक 'न', पोटातून आडवी रेघ गेलेला एक 'ओ', आणि सरळ दांड्याचा एक 'उ'. ही अक्षरं गाठोड्यात घातली की बाहेर येताना त्यांची प्रश्नचिन्हं झालेली असत. लोक आपलीच नावं बोबडी लिहायला शिकले होते. सायकालने महिनोन्महिने खपून ती तीन अक्षरं गाठोड्यात बसवली. मात्र नव्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एकाऐवजी दोन अक्षरांची जागा लागू लागली, आणि मोजणारी ओळ जुनीच राहिली. ती मोजे तेव्हा नाव लहान असे, मोजून झाल्यावर ते दुप्पट होई. त्या मधल्या जागेत मी जन्मले.

माझा जन्म कौतुकात झाला. वर्तमानपत्रात सायकालचा फोटो आला. कुठल्याशा शाळेतल्या बाईंनी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी पाठवली आणि सोबत चिठ्ठी, की माझ्या नावातलं अक्षर पहिल्यांदाच संगणकावर धड दिसलं. सायकालने संस्था सोडली, दोन खोल्यांची कंपनी काढली. गाठोडं शाळांत गेलं, दवाखान्यांत गेलं, कस्टमच्या चौक्यांवर गेलं. जिथे ते गेलं तिथे मीही गेले, आणि कुणालाही माझा पत्ता नव्हता, कारण एवढं लांब नाव कुणी ठेवतच नसे. मी अंगात मुरलेल्या आजारासारखी गप्प पडून होते.

आता नारीनला चला. डोंगरातलं गाव, लांबलचक हिवाळा. तिथे अशिमकान राहत असे. उभं आयुष्य रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करण्यात गेलेला माणूस. सगळे त्याला बायके म्हणत. तिकडे थोरल्या भावाला आणि वडीलधाऱ्याला बायके म्हणतात, हसू नका. बायके स्वभावाने मऊ, पण एकदा हट्टाला पेटला की घोड्याने ओढला तरी हलत नसे.

त्या मुलखात घरातलं कोणी गेलं की लोकरीचा तंबू उभारतात, आणि घरातल्या बाया आत, दाराकडे पाठ करून बसतात आणि गेलेल्या माणसाशी गाण्यात बोलतात. त्याला कोशोक म्हणतात. ते नुसतं रडणं नसतं. प्रत्येक बाई आपल्या माणसापुरतं ते रचते. बायकेने खोऱ्यातल्या असल्या कितीतरी बायांचे आवाज टेपवर धरून ठेवले होते. त्यांत एक आवाज त्याच्या आईचा, सालकिनचा होता. नवरा गेला तेव्हा ती गायली होती, आणि बायके तंबूच्या बाहेर, गवतात यंत्र मांडून बसला होता. त्याची धाकटी बहीण कालिपा त्याच्यावर उसळली होती.

"आई तिकडे आत फुटतेय आणि तुम्ही बटणं दाबताय? लाज कशी वाटत नाही?"

"वाटते. म्हणून तर बाहेर बसलोय."

त्या कोशोकात एक गोष्ट होती, आणि ती ऐकलेले लोक पुढे कितीतरी वर्षं तिच्याबद्दल बोलत. तिकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तुमच्या पणज्याही घेत नसत. सालकिनने जन्मभर घेतलं नव्हतं. कोशोकाच्या शेवटी तिने ते घेतलं, एकदाच. तेवढंच, दुसरं काही नाही.

रेडिओ केंद्र बंद पडलं तेव्हा टेपा कचऱ्यात गेल्या. त्याआधीच बायकेने सगळे आवाज एका जुन्या संगणकावर चढवून घेतले होते, आणि तेही आपल्या पद्धतीने. आजाच्या फोल्डरात बाप, बापाच्या फोल्डरात लेक, लेकाच्या फोल्डरात त्याची बायको. आपल्या सात पिढ्या तोंडपाठ नसल्या तर तिथे माणसाला मान वर करून बसता येत नाही, आणि बायकेला तर सातच्या कितीतरी वरच्या येत. त्याने सगळ्या मांडल्या. ओम्युरझाकच्या आत स्युयुनबेक, त्याच्या आत म्योन्को, त्याच्या आत ज्योकोबाय, असं खाली खाली. त्या घराण्यातली नावंही अशी की ती तीन अक्षरं त्यांत खच्चून भरलेली. सगळ्यांच्या तळाशी, सगळ्यांत लांब पत्त्यावर, सालकिन होती.

ती एका थंडीत गेली. कालिपा बिश्केकहून आली. बाजारात पडद्यांचा गाळा चालवून तिने मुलीला वाढवलं होतं, वर्षानुवर्षं गावाकडे फारसं येणं नव्हतं. ती तंबूत बायांमधे जाऊन बसली. पहिला सूर लेकीने लावायचा असतो. तिने तोंड उघडलं, आणि शब्दच आला नाही. बाया थांबून राहिल्या. शेवटी तुर्दुबुबू नावाच्या म्हातारीने सुरुवात केली, आणि बाहेर निघाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पडदे विकता विकता जीभही विकलीस का गं?"

जाताना कालिपा भावाचा हात धरून म्हणाली, "बायके, आईचं ते मला पाठवा. वर्षाच्या जेवणापर्यंत मी पाठ करते. तेव्हा शेवटचं गायचं असतं. एकदा तरी मला तिला नीट निरोप देऊ द्या. मग कोण काय बोलतं ते बोलू देत."

त्याने तिला फोनवर ऐकवलं. लाइन खरखरत होती, सुरुवातीच्या चार ओळी कशाबशा कळल्या आणि फोन तुटला. "उरलेलं गाठोड्यात बांधून पाठवतो," तो म्हणाला. आणि त्याने सगळंच बांधलं. आख्खंच्या आख्खं घराणं.

नारीनहून बिश्केकला काही पाठवायचं तर टॅक्सीवाल्याच्या हाती देतात. एक छोटीशी पेन ड्राइव्ह रुमालात बांधून, रुमाल लोण्याच्या डब्यावर ठेवून, खिंडीपलीकडे गेली. कालिपाची मुलगी एलनूरा ती घेऊन संगणकाच्या क्लबात गेली. तिने गाठोडं सोडलं. एकेक म्हातारा बाहेर आला. आपापल्या घराण्यांतून बाया बाहेर आल्या. मग शेवटच्या नावाची पाळी आली.

मित्रांनो, मला ते अजून आठवतं. मोजणारी ओळ म्हणाली, मावतंय. मग ते नाव ओतलं जाऊ लागलं, वाडगा भरला, काठाला लागला, आणि तरी ते येतच राहिलं. मी इतकी वर्षं गप्प होते, मलाही ठाऊक नव्हतं की मी हे करू शकते. ते शेजारी सांडलं. पडदा गोठला. मला भीती वाटली.

एलनूराला वाटलं पेन ड्राइव्हच खराब आहे. तिने ती साफ पुसून टॅक्सीने परत पाठवली. पुन्हा गाठोडं आलं, पुन्हा तिथेच अडलं. तिने मामाला फोन लावला.

"तायाके, तुमचं गाठोडं आजीपाशी येऊन मरतं."

"आजीपाशी? मग वरचे सगळे निघतात?"

"सगळे निघतात. तुम्ही असं करा, नुसती आजीची फाइल बाहेर काढा आणि तेवढीच पाठवा."

"बाहेर काढू म्हणजे? तिच्या घरातून उचलून तिला उघड्यावर ठेवू?"

"तायाके, ती फाइल आहे."

"तुझ्यासाठी फाइल असेल. माझी आई आहे ती."

एलनूरा चिकाटीची होती. बँकेत नोकरी करत होती, तक्रारी ऐकायची तिला सवय होती. सायकालच्या कंपनीचा एक चर्चाफलक होता. अडलेले लोक तिथे आपली अडचण लिहीत. तिने तिथे सगळं लिहिलं, ते गाठोडंही जोडलं, उत्तर मामालाच मिळावं म्हणून त्याचा पत्ता दिला. एवढ्यावर न थांबता ती सायकालच्या दोन खोल्यांत जाऊन उभी राहिली.

सायकालच्या चष्म्याला आता साखळी आली होती. समोर कस्टमचं मोठं काम पसरलेलं होतं. तिने ते गाठोडं उघडून पाहिलं.

"अगं, हे काय आहे? फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. याला तळ आहे की नाही?"

"तळाशी माझी आजी आहे, सायकाल-एजे." थोरल्या बाईला तिकडे एजे म्हणतात.

"मग मामांना सांग, मधले चार-पाच काढून टाका. आपोआप चालेल."

एलनूराने तिथूनच फोन लावला आणि सायकालच्या कानाला दिला. बायकेचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"कुठले चार काढू? तुम्हीच नावं सांगा, लेकी. आणि आधी तुमच्या घरातले कुठले चार काढले तर चालतील तेही सांगा."

सायकाल लाल झाली. तिला कोणी उलटून बोललेलं खपत नसे. फोन परत देत ती म्हणाली, "ही प्रोग्रॅमची चूक नाही. हा तुझ्या मामांचा हट्ट आहे. माझं हे काम होऊ दे, उन्हाळ्यात बघते." आणि फलकावर एलनूराच्या मजकुराखाली तिने लिहिलं: वापरणाऱ्याची चूक.

मला इतकं वाईट क्वचितच वाटलं असेल. मी होते ना चूक! मी तिच्याच हाताखाली, तिच्याच ओळींमधे बसले होते, आणि तिने माझं नाव एका म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलं. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते. तिने तेव्हा ओळींवरून एकदा बोट फिरवलं असतं, तर बोटाला मी लागले असते.

तिने पाहिलं नाही. दुसऱ्याच कुणीतरी पाहिलं.

तो कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. असल्या फलकांवर हिंडत राहायचं आणि कुठे काय मोडतंय ते वेचत बसायचं, हाच त्याचा धंदा असावा. त्याने ते गाठोडं उतरवून घेतलं, मुद्दाम फोडलं, आणि मोडल्यावर काय काय सांडलं ते बारकाईने तपासलं. जन्मल्यापासून मला पहिल्यांदा ज्याने ओळखलं तो हा. नाव सांडून शेजारचा हुकूम पुसला जातो, एवढंच त्याला दिसलं नाही. त्याला दिसलं की नीट मापून ओतलं, तर पुसलेल्या हुकमाच्या जागी आपला हुकूम लिहिता येतो. म्हणजे दुसऱ्याचा संगणक आपलं ऐकेल. त्याने तसं एक गाठोडं बांधलं. ते चालतं की नाही हे करून पाहायला त्याला कुणीतरी हवं होतं, आणि बायकेचा पत्ता समोरच होता.

इकडे बायके हळूहळू नरमला होता. जेवणाचा दिवस जवळ येत होता, कालिपा फोनवर आता काही मागत नसे, नुसती गप्प बसे, आणि ते गप्प बसणं त्याला सोसवेना. "रविवारी आईला बाहेर काढतो," तो तिला म्हणाला, "तिची माफी मागून काढतो." रविवार यायच्या आतच पत्र आलं.

'आदरणीय अशिमकान बायके, तुमची अडचण वाचली. जुने आवाज जपणारी तुमच्यासारखी माणसं आता उरली नाहीत. तुमचं गाठोडं मी दुरुस्त केलं आहे, कोणाचंही नाव काढलेलं नाही. त्याच प्रोग्रॅममध्ये उघडा, तुमच्या आईचा आवाज निघेल.'

बायकेचे डोळे भरून आले. त्याने बहिणीला फोन केला.

"कालिपा, माणसं आहेत गं अजून जगात. कुठला कोण, ओळख ना पाळख. सगळं जोडून दिलं त्याने."

"पैसे मागतोय?"

"छे! एक शब्द नाही."

"मग उघडा ना. फोन चालू ठेवा, मला ऐकू दे."

त्याने एलनूराकडून परत आलेली पेन ड्राइव्ह लावली, मोकळं झालेलं घराणं तिच्यावर उतरवून घ्यावं म्हणून. मग गाठोडं सोडलं. या वेळी नाव सांडलं ते मापून सांडलं. शेजारच्या वाडग्यात जो हुकूम लिहिला गेला तो मी वाचला, मित्रांनो, आणि मला तो थोपवता आला नाही. कुठल्याच चुकीच्या हाती थोपवणं नसतं. हुकूम असा होता की या यंत्रावर आणि याला जोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर जे आहे ते पुसून टाक, म्हणजे माग राहणार नाही. ते पुसलं जात असताना पडदा काळा होता. नारीनला वीज नेहमीच जाते. बायकेला वाटलं, गेली वीज. तो हात मांडीवर ठेवून ती यायची वाट पाहत राहिला. डोक्यावरचा दिवा जळतच होता.

"बायके? येतोय का आवाज?" फोनमधून कालिपा विचारत होती. "बायके?"

पुढचे दिवस फार वाईट गेले. चाचणी पार पडली म्हटल्यावर त्या माणसाने तसली गाठोडी देशभर पाठवली. कस्टमच्या चौक्यांवर यंत्रं मेली, मालाच्या गाड्या सीमेवर अडकल्या. वरचा साहेब फोनवर सायकालला वाटेल ते बोलला. धोका आहे तेवढा फलकावरून ताबडतोब काढा, म्हणाला. सायकालने घाईघाईने फलक धुऊन काढला. मग कस्टमकडून आलेलं त्या चोराचं गाठोडं तिने समोर घेतलं आणि पहिल्यांदाच ओळींवरून बोट फिरवलं. दुपारच्या चहाआधी मी तिला सापडले. तिने एकच ओळ जागेवरून हलवली. आधी अक्षरं दुप्पट होऊ द्यायची, मग मोजायची. एवढंच काम होतं.

संध्याकाळी एलनूरा धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

"सायकाल-एजे, दुरुस्त झालं म्हणे? मग आजी निघेल! तायाकेंच्या घरचं सगळं गेलं, पेन ड्राइव्हपण गेली, क्लबवाले तर रोज यंत्र पुसतात. पण मी फलकावर चढवलेलं गाठोडं आहे ना. ते आख्खं आहे. ते उघडा."

सायकाल खुर्चीत बसून राहिली.

"एजे?"

"ते मी काढलं."

"काढलं म्हणजे? कुठे ठेवलं?"

"ठेवलं नाही. त्याच्यात तेच लांब नाव होतं. कोणीही बघून शिकलं असतं. मला वाटलं, हेच धोक्याचं..." तिने चष्मा काढला. "मीच काढलं, एलनूरा. माझ्या हाताने."

चोराचं गाठोडं तिने नीट जपून ठेवलं होतं. एलनूराने त्याच्याकडे पाहिलं, सायकालकडे पाहिलं, आणि दार न लावता निघून गेली.

वर्षाच्या जेवणाला सायकाल नारीनला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. दुरुस्त केलेल्या गाठोड्याची डिस्क तिने पिशवीत घेतली होती, का घेतली ते तिलाच ठाऊक. अंगणात घोडा कापला होता, मोठ्या कढया चढल्या होत्या. बायके पाहुण्यांचे घोडे धरत उभा होता. त्याने तिला ओळखलं नाही, तिने नाव सांगितलं तेव्हा मान हलवली आणि म्हणाला, "या लेकी. थंडीतून आलात. आधी चहा घ्या."

"बायके, मी चूक दुरुस्त केली."

"आता लांब नावं मावतात?"

"हो. कितीही लांब असली तरी."

"बरं झालं," तो म्हणाला. दुसऱ्या कोणाचा तरी घोडा आला, तो लगाम धरायला पुढे गेला.

तंबूत बाया दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. सायकाल कडेला टेकली. कालिपा मधोमध होती. या वेळी तिने तोंड उघडलं तेव्हा शब्द आले. आवाज हुबेहूब आईचा होता. ऐकून दोन म्हाताऱ्यांनी एकदम डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

'उंबऱ्यापाशी तुझा चाबूक टांगलेला,
काढू मी कुणासाठी?
घोडा पाणी पिऊन परत आला,
त्याला सांगू काय?'

ती थांबली. श्वास घेतला आणि पुन्हा उंबऱ्यापासून सुरू केलं. त्या चार ओळी संपल्या, ती पुन्हा तिथेच आली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बायांची चुळबुळ सुरू झाली. तुर्दुबुबू पुढे सरकली. तिच्या बोलण्यात या वेळी टोमणा नव्हता, ती खरोखरच वाट पाहत होती.

"छान चाललंय, लेकी. पुढचं म्हण. ते नाव घेते ना शेवटी, तुझी आई, तिथपर्यंत जा."

कालिपाने भिंतीकडे पाहतच सांगितलं, "पुढचं नाही, मावशी."

"विसरलीस?"

"नाही. पुढचं आता कुठेच नाही."

बाहेर कढईखाली कोणीतरी लाकडं सारत होतं. मग कालिपाने परत पहिली ओळ धरली, आणि तुर्दुबुबूने, मग इतर बायांनी, तिच्याबरोबर त्याच चार ओळी म्हटल्या. त्यांनाही तेवढ्याच येत होत्या.

मित्रांनो, सायकालने मला दुरुस्त केलं म्हणून मी मेले असं समजू नका. नवं गाठोडं किती जणांनी घेतलं? शाळांत, दवाखान्यांत, धूळ खात पडलेल्या यंत्रांवर जुनंच आहे. चालतंय ना, मग कशाला हात लावा, म्हणतात. तिथे तिथे मी अजून आहे. माझ्याशेजारी कुणाकुणाच्या आया बांधून ठेवल्या आहेत ते मला दिसतं. कोणी येऊन म्हणालं की इथे काहीतरी सांडतंय, तर त्याला हट्टी म्हणू नका, वाकून बघा. जे एकच आहे ते आजच दुसऱ्या जागी ठेवा, उघड्यावर ठेवावं लागलं तरी ठेवा. आणि जुनं गाठोडं कुठे दिसलं तर ते काढून टाका. माझी कीव करू नका. मला जगू देऊ नका.